पोटफोड्या ष

दंडाची पावती वायपरखाली अडकवलेली होती आणि त्या दिवशी तारीख चौदा होती. तारीख आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

चष्म्याच्या दुकानातून फोन आला होता. बाबांनी जाण्याच्या महिनाभर आधी एक चष्मा करायला टाकला होता. तो तयार होऊन पडला होता आणि न्यायला कोणी येत नव्हतं. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. दुकानदाराला ते माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने चष्मा पुन्हा एकदा पुसला, डबीत ठेवला आणि म्हणाला, "तसाही फार उपयोग झाला नसता हो. उजवा डोळा तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्याने नुसता उजेड-अंधार कळायचा. मी म्हटलंही त्यांना, आता कशाला करताय? तर म्हणाले, नाकाला सवय आहे."

मी मान हलवली. तो दुसऱ्याच कुणा गिऱ्हाइकाबद्दल बोलतोय असं मला वाटलं. बाबांना कमी दिसायचं हे मला ठाऊक होतं, पण इतकं नाही. दर रविवारी मी घरी जायचे तेव्हा ते खिडकीपाशी पेपर उघडून बसलेले असायचे.

बाहेर आले तर पावती. 'मनाई असलेल्या दिवशी वाहन उभे केले.'

गाडी मी मुद्दाम तिथेच लावली होती. भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, बाबांची पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं: 'येथे फक्त सम तारखेस वाहने उभी करावीत.' शहरातल्या अशा पाट्या बाबांनी एकतीस वर्षं हाताने लिहिल्या. रंगवल्या नव्हे, लिहिल्या. रंगवतात ती दारं, असं ते म्हणायचे. आता बहुतेक ठिकाणी मशीनवर छापलेले चकचकीत पत्रे लागले आहेत. बाबांच्या उरलेल्या पाट्या कुठे कुठे आहेत ते मला पाठ होतं आणि त्या तीन महिन्यांत मी वाट वाकडी करून त्यांच्यासमोरून जात होते. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पाटी सम म्हणत होती आणि चौदा ही सम तारीख. मी फोटो काढला. दंड किरकोळ होता, भरून टाकला असता तर विसरूनही गेले असते. पण बाबांच्या पाटीखाली, पाटीने सांगितलेल्या दिवशी गाडी लावून मी चुकीची ठरत होते. म्हणजे पाटी चुकीची ठरत होती. एकतीस वर्षांत त्यांचं एकही अक्षर महापालिकेच्या ऑफिसातून परत आलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत, आई सांगायची. माझं काम मुद्रितशोधनाचं. मजकूर छपाईला जाण्याआधी त्यातल्या दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. बाबा म्हणायचे, "सगळी माणसं माझ्यासारखी निघाली तर तुझ्या पोटावर पाय येईल."

सम-विषम हे शब्द आमच्या घरात फार लवकर आले. या पाट्या लागायला लागल्या तेव्हा मी शाळेत होते. आईचा राग बाबा तारखेवरून मोजायचे. सहलीचे पैसे मागायचे असले की मी त्यांच्या कानाशी लागायचे, "आज सम का विषम?" बाबा स्वयंपाकघराकडे एक कान देऊन ऐकायचे. भांडी आपटल्याचा आवाज आला की म्हणायचे, "विषम. उद्या माग." महिना एकतीसचा असला तर मात्र हळहळायचे. "एकतीस विषम आणि एक तारीखही विषम. दोन दिवस सलग, पोरी. जपून राहा." आई आतून ओरडायची, "ऐकू येतंय मला सगळं!"

ऑफिसच्या तक्रार खिडकीवरच्या बाईंनी फोटो जवळ धरून पाहिला, मग लांब धरून.

"फोटो छान आहे, ताई. पण गाडी चुकीच्या दिवशी लावलीत."

"चौदा सम असते."

"असते की. मीही शाळेत गेलेय." त्यांनी एक जाड रजिस्टर ओढून पान काढलं आणि त्यावर पेनचं टोपण ठेवलं. "पण त्या बाजूला विषम आहे. समोरच्या बाजूला सम. मूळ आदेश हा असा."

"मग ज्यांनी पावती फाडली त्यांनी पाटी वाचली नाही?"

"ते कशाला पाटी वाचतील? त्यांच्याकडे यादी असते. पाटी तुमच्यासाठी." त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, तोंड काय पाडताय? तुम्ही जिंकलात. पाटी चुकीची म्हणजे दंड रद्द. हा फॉर्म घ्या, तिसऱ्या चौकोनात खूण करा."

पहिला चौकोन 'फलक पडलेला' होता, दुसरा 'फलक झाकलेला'. तिसरा होता 'मजकूर चुकीचा', आणि त्यापुढे एक ठिपक्यांची ओळ: पेंटरचे नाव.

बाईंनी रजिस्टरमधून नाव शोधून दिलं. नावापुढे लाल पेनने काहीतरी लिहिलेलं होतं. "हे तर वारलेत वाटतं. बरंच झालं." मग स्वतःच जीभ चावली. "म्हणजे तसं नव्हे हो. माणूस असला की त्याला नोटीस काढा, त्याचा खुलासा मागवा, सहा महिने जातात. गेलेल्या माणसाचा खुलासा लागत नाही. फाइल आठवड्यात बंद."

"ते माझे वडील."

त्यांनी फॉर्म हळूच आपल्याकडे ओढून घेतला, जणू तो मला लागेल. मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला.

"मग सुनावणी मागा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "पाटीच्या ऑर्डरची चिठ्ठी पेंटरकडे जाते. ती असेल तर आणा. चिठ्ठीतच सम लिहिलेलं असेल तर चूक ऑफिसची. आणि ऑफिस काही चुकत नाही असं नाही, मी आतच बसते ना."

परतताना मी पुन्हा त्या रस्त्यावर गेले. समोरच्या भिंतीवरची पाटी आधी नीट पाहिली नव्हती, तिच्यापुढे एक टेम्पो उभा असायचा. आज तो नव्हता. त्या पाटीवरही लिहिलं होतं: 'येथे फक्त सम तारखेस वाहने उभी करावीत.'

दोन्हीकडे सम. म्हणजे विषम तारखेला त्या रस्त्यावर गाडी लावायला जागाच नव्हती.

चष्मेवाला दारात उभा होता. "आज कळलं होय तुम्हाला? आम्हाला सवय झालीय. दीड वर्ष झालं. विषम तारखेला फक्त पायी येणारं गिऱ्हाईक. मी तर घरची कामं विषम तारखांनाच काढतो."

"तक्रार नाही केलीत?"

"कोण जाणार तिकडे उंबरे झिजवायला?"

घरी आई ब्रश पुसत होती. बाबांचे ब्रश ती दर आठवड्याला तेलातून काढून फडक्याने पुसायची आणि पुन्हा तेलात बुडवून ठेवायची. मला वाटायचं, हात रिकामे राहवत नाहीत म्हणून करत असेल. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

"दंड भर आणि मोकळी हो," ती म्हणाली.

"दंडाचं नाही गं. ते बाबांची चूक म्हणून लिहिणार आहेत."

"लिहू दे. त्यांना काय आता."

आई असं बोलणारी नव्हती. बाबांच्या एका काना-मात्रेवरून ती शेजाऱ्यांशी भांडलेली मला आठवत होती. मी म्हटलं, "चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"असतील कुठेतरी."

चिठ्ठ्या कुठे असतात ते आम्हा दोघींना माहीत होतं. कामाच्या खोलीत दाराच्या मागे एक तार टांगलेली होती. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी काम झालं की बाबा तिच्यात टोचून ठेवायचे. खोलीत अजून रंगाचा वास होता. खडूची दोरी खिळ्याला, हात टेकायची काठी कोपऱ्यात, आणि बाबांच्या स्टुलाशेजारी दुसरं एक स्टूल. ते स्वयंपाकघरातलं होतं. ते इथे कधीपासून आहे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

सर्वांत वरची चिठ्ठी सर्वांत शेवटची. त्याच रस्त्याची, दोन पाट्यांची. ऑफिसच्या कारकुनाचं अक्षर गोल आणि स्वच्छ होतं. 'पूर्व बाजू – सम. पश्चिम बाजू – विषम.' शंकेला जागाच नव्हती. मी ती तीनदा वाचली, जशी कामावर वाचते, एकेक अक्षर सुटं करून.

आई दारात येऊन उभी राहिली होती. हातात फडकं तसंच.

"बाबांनी चुकीचं लिहिलं," मी म्हटलं. मोठ्याने म्हणून बघितलं.

"त्यांनी नाही," आई म्हणाली. "मी."

ती येऊन त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. सवयीने बसली, न बघता.

"दिसेनासं झालं तसं आधी ते खडूने आखून द्यायचे आणि मी भरायचे. मग आखणंही जमेना. मग ते नुसते इथे बसून सांगायचे. म ला गाठ बारीक ठेव. र ची शेपूट ओढू नकोस. मी लिहायचे. ऑफिसला कळलं असतं तर काम गेलं असतं आणि काम गेलं असतं तर ते… तुला माहितीय ते कसे होते."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला तर मुळीच नाही. तू चुका काढतेस."

तिने ते साधेपणाने म्हटलं, टोमणा नव्हता त्यात. मी विचारलं, "मग पेपर? खिडकीपाशी पेपर वाचत बसायचे ते?"

"सकाळी मी वाचून दाखवायचे. तू आलीस की ते पानं उलटत बसायचे. वेळ बरोबर साधायचे हो, तेवढ्या वेळात एक पान वाचून होईल इतका थांबून. एकदा उलटा धरला होता. तू चहा आणायला आत गेलीस तेव्हा मी सरळ केला." ती किंचित हसली. "काय हसलो होतो तेव्हा."

मी चिठ्ठी पुन्हा तारेत टोचली नाही. ती टेबलावर ठेवली.

"आठ-नऊ पाट्या लिहिल्या मी," आई म्हणाली. "शाळा आहे, हळू चालवा. येथे कचरा टाकू नये. कुणाला फरक कळला नाही. तुलाही नाही."

मलाही नाही. वाट वाकडी करून ज्या पाट्यांसमोरून मी जात होते त्यातल्या किती आईच्या होत्या, ते मला सांगता आलं नसतं.

"मग ही आली. दोन पाट्या. सम झाली पटकन. विषमला बसले तर तो पोटफोड्या ष. तोवर कुठल्या पाटीत आलाच नव्हता बघ. त्याच्या पोटातली ती तिरकी रेघ. जरा ब्रश भरला की फुगायची, कमी भरला की तुटायची. पुसलं, लिहिलं. पुसलं, लिहिलं. तीन वेळा पत्रा पांढरा केला. ते इथे बसलेले, म्हणतायत, घाई नाही, होईल. म्हणतायत, पोटफोड्या आहे, पोट नीट फोड त्याचं. मला हसू पण येईना. दुसऱ्या दिवशी पाटी न्यायला माणूस येणार होता. मी तिच्यावरही सम लिहिलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"त्यांनी विचारलं, ष कसा आलाय? मी म्हटलं, तुमच्यासारखा. मग म्हणाले, वाच सगळं. मी वाचलं, येथे फक्त विषम तारखेस वाहने उभी करावीत. घडाघडा वाचलं."

"त्यांना कळलं नाही ना पण."

"तेच तर." आई फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. "रंग वाळल्यावर ते अक्षरांवरून बोट फिरवायचे. प्रत्येक पाटीवर. त्या पाटीवरही फिरवलं सकाळी. सावकाश. म्हणाले, छान झालंय. आणि त्यानंतर एकही काम घेतलं नाही. ऑफिसचा माणूस आला तर सांगितलं, आता पुरे झालं. मला म्हणाले, दमलीस तू." ती माझ्याकडे वळली. "त्यांना कळलं होतं का गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

सुनावणीला आई बरोबर आली. मी नको म्हटलं तरी आली, चांगली साडी नेसून. तिचं म्हणणं एवढंच होतं की चूक त्यांच्या नावावर जाऊ द्यायची नाही. तक्रार मागे घेऊन चालणार नव्हतं. मागे घेतली असती तर ती पाटी तिथेच राहिली असती आणि लोक दंड भरत राहिले असते. हे आईनेच मला सांगितलं.

सुनावणी घेणारे साहेब थकलेले आणि सभ्य होते. त्यांनी चिठ्ठी पाहिली, फोटो पाहिले, रजिस्टर पाहिलं. दंड रद्द, असं त्यांनी कागदावर लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. पंधरा दिवसांत दोन्ही पाट्या काढून छापील पत्रे लावण्यात येतील. मग त्यांनी विचारलं, "पेंटर हयात आहे?"

"आहे," आई म्हणाली.

साहेबांनी रजिस्टरमधला लाल शेरा पाहिला.

"मी आहे पेंटर," आई म्हणाली. "ती पाटी मी लिहिली. चूक नाही झाली, मी मुद्दाम लिहिली. मला ष येत नव्हता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते तिच्याकडे बराच वेळ बघत होते, आणि त्यांच्या नजरेत दया आहे हे मला दिसलं. तीच मला सहन झाली नाही. ते म्हणाले, "आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाहीत हो. ब्रश आणा, लिहून दाखवते. सम दाखवते. विषम नाही येणार."

"रेकॉर्डवर तुमचं नाव नाही. ज्याचं नावच नाही त्याच्यावर मी चूक कशी टाकू? आणि त्यांना आता कुठला त्रास होणार आहे का? कोणी काही म्हणणार नाही. कागद आहे, फाइलमध्ये जाईल."

"त्यांनी एकतीस वर्षं एक अक्षर चुकवलं नाही."

"तेही लिहितो," साहेब म्हणाले. आणि त्यांनी खरंच लिहिलं. 'पेंटर (मयत) यांची सेवा एरवी समाधानकारक.' त्याच्या वर, तिसऱ्या चौकोनात, त्यांनी खूण केली. ठिपक्यांच्या ओळीवर बाबांचं पूर्ण नाव घातलं. दोन जागी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. मी ते दाखवलं नाही.

परतताना आई म्हणाली, "त्या रस्त्याने घे."

मी गाडी पाटीसमोर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. तारीख एकवीस होती. आई उतरली, मीही उतरले. ती पाटीपुढे उभी राहिली. तिची उंची कमी, पाटी तिच्या डोळ्यांसमोर बरोबर येत होती. दीड वर्षात ती इकडे फिरकलीच नव्हती.

"म बरा आलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू डोळे मीट आणि बोट फिरव."

"आई."

"फिरव. मी फिरवलं तर माझं बोट खोटं सांगेल. मला पाठ आहे काय लिहिलंय ते."

मलाही पाठ होतं.

मी डोळे मिटले आणि बोट ठेवलं. पत्रा उन्हाने तापला होता. रंगाचा थर जाड होता, कडा उभ्या होत्या, नखालाही लागत होत्या. 'फक्त'ची शिरोरेघ संपली, मग जागा. मग स, त्याची आतली छोटी उतरण, त्याचा दांडा. मग लगेच म ची गाठ. स वर काही नव्हतं. वेलांटीची कमान जिथे असायला हवी होती तिथे नुसता गुळगुळीत पत्रा होता. आणि स च्या रंगाखाली, अगदी बारीक, आधीच्या कशाचा तरी उंचवटा राहिला होता. नीट न पुसलेला, तिरका, बोटभर लांबीचा. मी त्याच्यावरून दोनदा बोट फिरवलं. एकतीस वर्षं अक्षरं लिहिलेल्या माणसाला तो काय आहे ते कळायला एकदाच पुरलं असतं.

"कळतं का?" आईने विचारलं.

मी डोळे उघडले नाहीत.

"नाही."

"नीट बघ."

"थर आहे नुसता. ओबडधोबड लागतं सगळं. काही कळत नाही, आई."

मी डोळे उघडले तेव्हा ती पाटीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. चुका काढणाऱ्या माणसाने लिहिलेलं काही वाचत असावी तशी. मग तिने पदराने पाटीवरची माझ्या बोटाची रेघ पुसली.

"चल," ती म्हणाली. "आज विषम आहे. यादीत चालत असेल, माझ्या पाटीला नाही चालत."